तुका येता तशें म्हण

आज दोतोर्नीच्या वर्गाची पालकसभा होती. (वसईच्या मंडळींसाठी, दोतोर्न म्हणजे आपलं धर्मशिक्षण.) धाकटीचं यंदा फर्स्ट होली कम्युनियन, म्हणजे पहिला ख्रिस्तप्रसाद, आहे. सकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, सव्वा तास बसलो, त्यातला पाऊण तास एकच फोटोग्राफर ठरवायचा की ज्याने त्याने आपापला आणायचा यात गेला. मग मुलींच्या गाऊनची बाही किती लांब. शेवटी फादरांनी साधा प्रश्न विचारला, घरी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) कोणाकोणाकडे होतो? सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मागून एक बाई म्हणाल्या, "त्यासाठीच तर पोरांना इथे पाठवतो ना, फादर?" आणि लोक हसले. माना डोलावून हसले!

तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. बोलले नाही, म्हणून आता तुमच्या डोक्याला ताप.

रविवारचा एक तास. त्यात हजेरी, दंगा, पाणी प्यायला जाणं. दहा आज्ञा पाठ होतील, संस्कार सात हेही कळेल. पण ताटावर बसल्यावर क्रुसाच्या खुणेसाठी हात आपोआप कपाळाकडे जाणं कोणत्या वर्गात शिकवतात? 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटलं आणि आईबापांना पोरांचे पहिले धर्मशिक्षक. साठ वर्षं झाली. आम्ही त्या घरातल्या चर्चला एसी लावला, बाकी पाटी कोरीच.

मी लग्न होऊन गोव्यात लोटलीला आले त्याला 19 वर्षं झाली. दुसऱ्याच संध्याकाळी सातची घंटा झाली आणि मांयने (सासूबाईंनी) ओरातोरीपुढे, म्हणजे घरातल्या वेदीपुढे, मेणबत्ती लावली. माझ्यासकट तेरा माणसं गुडघ्यांवर. एकेकाला दहा-दहा मणी. माझी पाळी आली. वसईत जन्म गेलेला, सगळं तोंडपाठ, पण मराठीत. "नमान मोरिये" एवढं ऐकून ऐकून जमलं, पुढे जीभ टाळ्याला चिकटली. बोटातला मणी घामाने सुळसुळीत. कोणीतरी खोकलं. मांयने मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, "तुका येता तशें म्हण गो."

मी "नमो मारिया" सुरू केलं. अर्धी प्रार्थना माझी मराठीत, उरलेली अर्धी बारा जणांची कोंकणीत, "देवाचे माये"वर येऊन टेकलेली. दहाच्या दहा अशाच. शेवटी बेसांव (आशीर्वाद) मागायला पुढे गेले तर डोक्यावर आलेल्या हाताला सोलांचा वास होता.

हे मला कुठल्या वर्गाने शिकवलं असतं?

मान्य, मडगाव-पणजीहून आठला घरी पोचणाऱ्यांच्या गुडघ्यांत त्राण नसतं. ठीक. पण सायबीण (घरोघर फिरणारी मारियेची मूर्ती) घरी यायची असली की तेच गुडघे शिडीवर चढून दिव्यांच्या माळा लावतात ना! अंगणात मांडव, केटरर, आणि लदीन (गाऊन म्हणायची लॅटिन प्रार्थना) स्पीकरवर. पूर्वी लदीन झाली की उकडलेले चणे, खोबऱ्याचे तुकडे आणि मोठ्यांना घोटभर फेणी, की झालं. मांयला लॅटिनचं अक्षर कळत नाही, पण "ओरा प्रो नोबीस" (आमच्यासाठी विनंती कर) ती असं ओढून म्हणते की अंगावर काटा यावा. (बाई हट्टी आहे हेही सांगते. पोप जॉन पॉल दुसऱ्यांनी 2002 मध्ये गुरुवारच्या तेर्सात मनन करायला प्रकाशाची रहस्यं दिली, ती तिने अजून मंजूर केलेली नाहीत. गुरुवारी तिची आनंदाचीच.)

आता खरं सांगते. आमच्याकडे तरी रोज होतो का? नाही. थोरल्याची ट्यूशन साडेसातला. नवरा तारवावर (जहाजावर), वर्षातले आठ महिने. गेल्या आठवड्यात तीनदा झाला आणि त्यातल्या एकदा मी भात लागतोय का बघायला मध्येच उठले. चपलांकडे बघणाऱ्यांत मीही होते, म्हणूनच बहुतेक एवढी चिडले.

तर आज संध्याकाळी घरी येऊन मी तावातावाने मेणबत्ती लावली. धाकटी म्हणाली, "ममा, माझी पाळी इंग्लिशमध्ये म्हणू? मला तेच नीट येतं." माझा पारा चढला. म्हटलं, लाज नाही वाटत? इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी इथे राहून मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण लिहिलं, 1616 मध्ये ते या रायतूरला, आपल्या घरापासून स्कूटरने पंधरा-वीस मिनिटांवर, छापलं गेलं, आणि तुला घरातल्या घरात इंग्लिश हवं?

तिने शांतपणे विचारलं, "मग त्याला तुझ्या भाषेत म्हण असं कोणी सांगितलं नाही का?"

मी गप्प. बोटात तोच सुळसुळीत मणी.

म्हटलं, म्हण बाई.

तिने पाढे म्हणावेत तशा भराभर म्हटल्या. उत्तर मी मराठीत देत होते, थोरला कोंकणीत पुटपुटत होता, आणि टेबलावर टेकवलेल्या फोनमधून नवऱ्याचं "देवाचे माये" तारवावरच्या नेटवर दोन सेकंद उशिरा येऊन पुढच्या "हेल मेरी"वर आदळत होतं. चार तोंडं, चार वेगवेगळे वेग. दहाच्या अकरा झाल्या. मोजायला मी होते.

मांय आता 86 ची. पलंगावरूनच माळ ओढते, आज मध्येच डोळा लागला तिचा. तेर्स संपल्यावर धाकटी हात जोडून आजीपुढे उभी राहिली, "बेसांव दी, शामाय." उत्तर नाही. मी म्हणणार होते की राहू दे, झोपू दे तिला. तोवर पोरीने वाकून तो माळेसकटचा हात उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला.