कोपऱ्यावरचं घर आणि १५० फूट बर्फ

काल सकाळी फॅमिली ग्रुपवर माझा फोटो टाकला, कानटोपी, हातात शॉव्हल (बर्फ उपसायचं फावडं), मागे ढीगभर बर्फ. लगेच सांगलीहून काकूंचा रिप्लाय, "अगं किती छान, अगदी काश्मीर!" काकू, काश्मीर राहू दे, इथे शिकागोत कंबरडं मोडलंय माझं. म्हणून आज जरा लांबड लावते, कारण फूटपाथवरचा बर्फ कुणी काढायचा हा विषय दर हिवाळ्यात डोक्यात घोळतो आणि मार्च आला की मी विसरते.

तर शिकागोत कायदा असा आहे की तुमच्या घराला लागून जो पब्लिक साईडवॉक, म्हणजे फूटपाथ, आहे त्यावरचा बर्फ तुम्ही काढायचा. सकाळी ७ ते संध्याकाळी ७ मध्ये पडला तर त्याच रात्री १० च्या आत, संध्याकाळी ७ नंतर पडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत, शनिवार रविवार धरून. वाट निदान ५ फूट रुंद पाहिजे, नाहीतर दिवसाला ५० ते ५०० डॉलर दंड. काढलेला बर्फ रस्त्यावर ढकलायचा नाही हेही आहेच.

आता शिकागोचा स्टँडर्ड प्लॉट असतो २५ बाय १२५ फूट. म्हणजे मधल्या घराच्या वाट्याला २५ फूट साईडवॉक. आमचं घर कोपऱ्यावर, त्यामुळे समोरून २५ आणि बाजूने १२५. घर घेताना एजंट म्हणाला होता कॉर्नर लॉट घ्या, भरपूर उजेड मिळेल. उजेड पडला खरा, पण तो डिसेंबरात. नवऱ्याने हिशोब केला, १५० फूट लांब, ५ फूट रुंद, ६ इंच बर्फ, नुकताच पडलेला धरला तरी १,००० किलोच्या आसपास जातो. तो हा हिशोब खिडकीत चहा पीत करत होता आणि मी बाहेर उपसत होते, हे वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं सरळ आहे, साईडवॉक हा रस्ता आहे आणि रस्त्याचा बर्फ सिटीने, म्हणजे इथल्या महापालिकेने, काढावा. गाड्यांसाठी सिटीचे ३०० च्या आसपास ट्रक मीठ टाकत, प्लाऊ (बर्फ कडेला सारणारं पातं) लावत फिरतात, कुठला ट्रक कुठे आहे ते वेबसाईटवर नकाशात दिसतं, पण पायी चालणाऱ्याने काय करायचं तर प्रत्येक घरमालकाच्या मर्जीवर, तब्येतीवर आणि तो गावात आहे की फ्लोरिडाला गेलाय यावर अवलंबून राहायचं. आणि गंमत बघा, उन्हाळ्यात याच फूटपाथवर मला काही खोदायचं, बांधायचं म्हटलं तर परमिट लागतं कारण ती पब्लिक जागा आहे. बर्फ पडला की मात्र ती आमची!

शेजारी एक पोलिश आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. कॉफीच्या जुन्या डब्यात मीठ भरून ठेवतात आणि हळद-कुंकू वाहिल्यासारखं चिमटी चिमटीने पायऱ्यांवर टाकतात. शॉव्हल उचलत नाही म्हणून केरसुणीने बर्फ झाडतात, तोही पहाटे, कुणी बघायच्या आत, कारण मी बघितलं की मी जाते आणि त्यांना ते आवडत नाही. त्यांचे २५ फूट आम्ही गुपचूप करतो. ठीक आहे, शेजारधर्म आहे. पण कायदा शेजारधर्मावर चालवायचा का? जिथे आजीला शेजारी नाही तिथे काय?

आणि साईडवॉकचं असं आहे की १४ घरांनी काढून १ घराने नाही काढला तर त्या १४ जणांची मेहनत पाण्यात. आमच्याच ब्लॉकवर एक बंद घर आहे, मालक कोण कुणाला माहीत नाही. तिथला बर्फ दिवसभर लोकांच्या बुटांनी दाबला जातो, दुपारी उन्हाने जरा पाझरतो, रात्री गोठतो, सकाळी बघावं तर बुटांचे ठसे दगडात कोरल्यासारखे पक्के. गेल्या जानेवारीत मी आपटले ती तिथेच. पिशवीतली अंडी गेली, मनगट महिनाभर सुजलेलं. माझं ठीक आहे हो, मी उठले. पण पुढच्या ब्लॉकवरचे एक काका व्हीलचेअरवर असतात, ते त्या पट्ट्यापाशी आले की सरळ रस्त्यावर उतरतात, बसच्या पुढे. प्लाऊने कडेला सारलेला बर्फ नेमका कोपऱ्यावरच्या उताराशी साचतो, तो फोडल्याशिवाय त्यांना परत वर चढताही येत नाही. तो ढीग मी काल अर्धा तास फोडत होते, शॉव्हलने होईना, शेवटी बागेतली कुदळ आणली.

आपल्या मंडळींच्या ग्रुपवर दरवर्षी कुणीतरी ज्ञान देतं की बर्फ काढूच नका, अर्धवट काढला आणि कुणी घसरलं तर कोर्टात दावा ठोकतील. असं नाहीये बाबांनो. इलिनॉयमध्ये १९७९ सालापासून खास कायदा आहे, घरासमोरचा साईडवॉक साफ करायचा प्रयत्न केला आणि तरी कुणी पडलं तर घरमालकाला संरक्षण आहे, मुद्दाम किंवा अगदी बेफिकिरीने काही केलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा हे कारण सांगून सोफ्यावर बसू नका.

त्याच १९७९ ची अजून एक गोष्ट. जानेवारीत इथे भयंकर बर्फ झाला, रस्ते तुंबले, लोक भडकले, आणि फेब्रुवारीतल्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत) मेयर बिलांडिक पडले, जेन बर्न निवडून आल्या. तेव्हापासून शिकागोचा प्रत्येक मेयर प्लाऊच्या बाबतीत दक्ष. पण ते सगळं रस्त्यापुरतं. रस्त्यावरच्या बर्फाने मेयर पडला, साईडवॉकवरच्या बर्फाने फक्त लोक पडतात.

पार्किंगचंही तसंच, गाडीपुरती जागा उपसली की लोक तिथे मोडक्या खुर्च्या मांडून ठेवतात, एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसं, त्याला इथे डिब्स म्हणतात आणि त्यावरून भांडणं होतात. गाडीच्या जागेसाठी एवढा जीव टाकतात लोक.

बाकी ठिकाणी होतं म्हणून म्हणते. माँट्रियलमध्ये साईडवॉकसाठी छोटे प्लाऊ फिरतात, बर्फ ट्रकने उचलून नेतात. टोरोंटोत आधी काही भागांत लोकांना स्वतः काढावा लागायचा, २०२१-२२ च्या हिवाळ्यापासून जवळपास सगळीकडे सिटी काढते. न्यूयॉर्क राज्यातलं रोचेस्टर, शिकागोपेक्षा जास्त बर्फाचं गाव, तिथे सिटी साईडवॉकवर प्लाऊ फिरवते आणि घरमालकांकडून त्याची फी घेते. घ्या ना माझ्याकडूनही! दर हिवाळ्यात मिठाच्या गोण्या, दोन वर्षांत मोडणारे शॉव्हल, पाठीचं मलम, यात जातातच पैसे. शिकागोत ॲक्सेस लिव्हिंगसारख्या अपंगांच्या संस्थेने मागणी लावून धरली, २०२३ च्या जुलैत सिटी कौन्सिलने पायलटसाठी, म्हणजे सिटीनेच साईडवॉक साफ करून बघायच्या प्रयोगासाठी, वर्किंग ग्रुप नेमायला मंजुरीही दिली. माझ्या १५० फुटांवर अजून तरी मीच पायलट आहे.

आईला फोनवर हे सगळं ऐकवलं तर ती म्हणाली, "दारापुढचं आपणच झाडायचं असतं, त्यात सिटी कशाला?" आई रोज पहाटे अंगणच काय, पुढचा रस्ताही अर्ध्यापर्यंत झाडते, सडा घालते, रांगोळी काढते, कुणी नोटीस दिलेली नाही. यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. मग म्हटलं, आई, तू नाही झाडलंस तर कुणाची बस चुकत नाही. ती म्हणाली, "बरं, कानाला रुमाल बांध."

तर मी काढणार, काढतच आलेय, सिटीने उद्यापासून सुरू केलं तरी दाराच्या पायऱ्या मीच करणार. फक्त कोपऱ्याचा उतार आणि ते बंद घर एवढं तरी सिटीने आधी घ्यावं, बाकीचं मागाहून.

रात्री अकरानंतर परत ४-५ इंच सांगतायत. कुणाकडे जुना स्नोब्लोअर (बर्फ उडवून बाजूला टाकणारं मशीन) पडून असेल तर इनबॉक्स करा, नवऱ्याच्या हातात देते, हिशोबासकट.