समोर बसून ‘नाही’ म्हणणारी माणसं

पंतप्रधानाचं मोजमाप आपण भाषणांवरून आणि सभेतल्या गर्दीवरून करतो. मला ते पटत नाही. खुर्चीत बसल्यावर खरा कस लागतो तो दोन गोष्टींत: जवळ कोणाला घेतलं, आणि त्या माणसांना तोंडावर विरोध करता येतो का.

नरसिंह रावांकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. २१ जून १९९१ ला शपथ घेतली तेव्हा लोकसभेत बहुमत नव्हतं आणि परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं. अर्थखातं त्यांनी मनमोहन सिंगांना दिलं, ज्यांनी तोवर एकही निवडणूक लढवली नव्हती. उद्योगखातं स्वतःकडे ठेवलं. परवाना राज (उद्योगासाठी सरकारी परवान्याची सक्ती) मोडणारं औद्योगिक धोरण २४ जुलैला, अर्थसंकल्पाच्याच दिवशी, संसदेत आलं. खतांच्या दरवाढीवर स्वपक्षाचेच खासदार उसळले, तेव्हा ४० टक्क्यांची वाढ ३० वर आणली. याला कुणी माघार म्हणेल, मी नाही म्हणणार. तेवढं सोडलं म्हणून बाकीचा अर्थसंकल्प तरला.

पण हेच राव ६ डिसेंबर १९९२ ला कमी पडले. उत्तर प्रदेश सरकारच्या आश्वासनांवर विसंबून राहिले आणि बाबरी मशीद पडली. हे न लिहिता त्यांचं कौतुक करणं मला अप्रामाणिक वाटतं.

ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी सलग ३ निवडणुका जिंकल्या. पण विरोध करणारे सहकारी टिकले नाहीत: १९८९ मध्ये अर्थमंत्री लॉसन यांनी राजीनामा दिला, १ नोव्हेंबर १९९० ला उपपंतप्रधान जेफ्री हाउ यांनी दिला, आणि तो महिना संपायच्या आत बाईंनाही जावं लागलं. लिझ ट्रस यांनी तर २०२२ मध्ये तिथल्या पंतप्रधान होताक्षणी अर्थखात्याचा सर्वात वरिष्ठ सनदी अधिकारीच हटवला, स्वतंत्र संस्थेचा आर्थिक अंदाज न घेता करकपात जाहीर केली. दीड महिन्यात राजीनामा.

याच्या अगदी उलट दुसऱ्या महायुद्धानंतरचे ब्रिटिश पंतप्रधान क्लेमंट अ‍ॅटली. मोजकं बोलणारा माणूस, पण मंत्रिमंडळात एकेक दिग्गज. रुग्णालयांचं राष्ट्रीयीकरण करायचं, असं आरोग्यमंत्री बेव्हन म्हणत होते. ती स्थानिक संस्थांकडेच राहावीत म्हणून ज्येष्ठ मंत्री मॉरिसन भांडले. अ‍ॅटलींनी भांडण होऊ दिलं, मग कौल बेव्हन यांच्या बाजूने दिला. ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आणि वाद हरलेले मॉरिसन? ते १९५१ पर्यंत अ‍ॅटलींच्या मंत्रिमंडळातच होते.