'रिमेन इन लाइट' नेमका कुणाचा?

टॉकिंग हेड्स या अमेरिकन रॉक बँडच्या 'रिमेन इन लाइट' या अल्बमचा विषय निघाला की पहिलं नाव येतं निर्माता ब्रायन ईनोचं, मग बँडचा गायक डेव्हिड बर्नचं. टीना वेमथ, ख्रिस फ्रँट्झ आणि जेरी हॅरिसन हे 'बँडमधले बाकीचे'. हे वाचलं की मला मनापासून राग येतो. हा अल्बम कसा घडला हे ज्याला माहीत आहे, त्याला या तिघांना 'बाकीचे' म्हणवणारच नाही.

1980 चा उन्हाळा. बहामाजमधल्या नासाऊजवळचा कंपास पॉइंट स्टुडिओ. बँडचा हा चौथा अल्बम, आणि या वेळी बर्नने लिहून आणलेली गाणी नव्हती. आदल्या वर्षीच्या अल्बममधलं 'आय झिंब्रा' त्यांच्या डोक्यात होतं, नायजेरियाच्या फेला कुटीच्या रेकॉर्ड्स कानात होत्या. एवढ्या भांडवलावर सगळे आत गेले आणि वाजवत बसले.

आता ते वाजवणं कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळा अल्बम तिथेच आहे. आज आपण लॅपटॉपवर एक तुकडा कापतो आणि हवा तितक्या वेळा चिकटवतो. तेव्हा तशी सोय नव्हती. ख्रिसने ड्रम्सवर एक ठेका धरायचा आणि तो मिनिटामागून मिनिटं तसाच चालवायचा. त्यावर टीनाने बासचा एक तुकडा पकडायचा आणि तो सोडायचा नाही. मग गिटार, कीबोर्ड, तालवाद्यं, एकेक थर टेपवर चढत जायचा. माणसाच्या हाताने वाजवलेले लूप, म्हणजे पुन्हापुन्हा येणारे तुकडे, आहेत हे. म्हणूनच ते चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही श्वास घेतात. ज्याने कधी तबल्यावर किंवा ढोलकीवर साथ केली आहे, त्याला विचारा: एकच ठेका लय न हलवता, जीव न गमावता वाजवत राहणं म्हणजे काय.

बहुतेक गाण्यांत कॉर्ड बदलतच नाही. मग ध्रुवपद आणि कडवं वेगळं कळणार कसं? तर मिक्सिंगच्या वेळी. कुठले चॅनल उघडायचे, कुठले बंद करायचे, यावर गाण्याची रचना ठरली. इथे ईनोचं डोकं विलक्षण चाललं आणि त्याचं श्रेय त्याला पूर्ण द्यायलाच हवं. 'वन्स इन अ लाइफटाइम'मध्ये तर त्याने सम भलत्याच मात्रेवर ऐकली. बँडची सम एकीकडे, त्याची दुसरीकडे. दुरुस्त करत बसण्याऐवजी त्यांनी ते तसंच राहू दिलं. तालात मुरलेल्या कानाला ते गाणं पहिल्यांदा ऐकताना जो गोंधळ होतो, तो यामुळे. हे गाणं जवळजवळ टाकूनच देणार होते. ईनोने त्यावर शब्दांशिवाय एक चाल गुणगुणली आणि ते वाचलं.

पण ती चाल गुणगुणायला खाली काय होतं? टीनाचा बास. हेडफोन लावून फक्त तेवढाच ऐका. मोजक्या सुरांचा तुकडा आणि त्यानंतर मोकळी जागा. वरती बर्न एखाद्या धर्मोपदेशकासारखा ओरडतो (रेडिओवरच्या अशा उपदेशकांच्या बोलण्यावरूनच त्याने ते शब्द बांधले), कीबोर्ड पाण्यासारखे झुळझुळतात, आणि खाली ती बाई हलत नाही. टीनाने बास हातात घेतला तोच या बँडसाठी. एखाद्या पट्टीच्या वादकाने त्या मोकळ्या जागा भरून टाकल्या असत्या. तिने भरल्या नाहीत.

पुढचं काम न्यूयॉर्कच्या सिग्मा साउंड स्टुडिओत झालं. तिथे एड्रियन बेल्यू आला. 'द ग्रेट कर्व्ह'मधली त्याची गिटार एखाद्या मोठ्या जनावरासारखी चित्कारते. नोना हेंड्रिक्सचा आवाज आला, 'हाउसेस इन मोशन'वर जॉन हॅसलचा ट्रम्पेट आला. आठ गाणी, चाळीस मिनिटं. 8 ऑक्टोबर 1980 ला रेकॉर्ड बाजारात आली.

आणि श्रेयाच्या ओळीत काय छापलं होतं? गीत-संगीत डेव्हिड बर्न, ब्रायन ईनो, टॉकिंग हेड्स. नावं वर्णानुक्रमे सगळ्यांची यायची असं आधी ठरलं होतं. प्रत्यक्षात दोघांची नावं आली आणि तिघं बँडच्या नावामागे गेले. नंतरच्या आवृत्त्यांत पाचही नावं छापली गेली, हे खरं. पण पहिल्या समीक्षा, पहिले लेख त्या जुन्या ओळीवरून लिहिले गेले आणि समज तिथेच पक्का झाला. ईनोने या बँडचा एकही अल्बम पुन्हा केला नाही.

आपल्याला हे नवीन नाही. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतल्या ट्रम्पेटला आपण दाद देतो, पण त्यामागच्या गोव्याच्या चिक चॉकलेटचं नाव किती जणांना ठाऊक आहे? शंकर-जयकिशनचा तो भव्य वाद्यमेळ लिहून काढणारे सेबॅस्टियन डिसूझाही गोव्याचेच. चाल कुणाची हे आपण विचारतो. ती उभी कुणी केली हे विचारत नाही.

आफ्रिकेचं ऋण हा याहून मोठा प्रश्न. बर्नने निदान ते लपवलं नाही. पत्रकारांना पाठवलेल्या कागदांत त्याने आफ्रिकी संगीतावरच्या पुस्तकांची यादीच जोडली होती. 2018 मध्ये बेनिनच्या अँजेलिक किजोने हा अख्खा अल्बम आपल्या पद्धतीने पुन्हा गायला. मला तो फार आवडतो. ज्या मातीतून ठेका आला त्या मातीतला आवाज त्यावर आला.

टीना आणि ख्रिस फक्त साथीदार होते असं अजूनही वाटत असेल, तर त्यांच्या स्वतःच्या टॉम टॉम क्लब या बँडचा त्याच नावाचा 1981 चा अल्बम ऐका. तेच कंपास पॉइंट, 'रिमेन इन लाइट'च्या वेळी तिथे असलेला तोच इंजिनिअर स्टीव्हन स्टॅनली, आणि हे नवरा-बायको. बर्न नाही, ईनो नाही. त्यातलं 'जीनियस ऑफ लव्ह' पुढे कितीतरी हिप-हॉपवाल्यांनी उचललं, 1995 मध्ये मरायाह कॅरीच्या 'फँटसी'चा पायाही तोच झाला. आणि टॉकिंग हेड्सने ईनोशिवाय केलेल्या 1983 च्या 'स्पीकिंग इन टंग्ज'वर संगीतासाठी चौघांचीही नावं पहिल्यापासून छापलेली आहेत. बँडला अमेरिकेत पहिल्या दहात नेणारं एकमेव गाणं त्याच अल्बममधलं आहे.