दगडू बिन धोंडू

पुतण्याला शाळेत वंशावळ न्यायची होती. "काकाला विचार, तो रिकामाच असतो," असं वहिनी म्हणाल्या आणि मी कामाला लागलो. पुतण्या पुढच्या इयत्तेत गेला, मी अजून पणजोबांपाशीच.

सुरुवात आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून केली. जन्मतारीख 1 जून. त्यांच्या धाकट्या भावाची 1 जून. दोन्ही चुलत आजोबांची 1 जून. त्या दिवशी आमच्या वाड्यात सुईणीचे काय हाल झाले असतील! मग कळलं, मास्तरच पोराकडे बघून वय ठरवायचे आणि तारीख शाळेच्या सोयीची घालायचे.

"कोतवाल बुक बघा," एका जाणत्याने सांगितलं. म्हणजे गाव नमुना 14, जन्ममृत्यूची नोंद. चार हेलपाटे घातल्यावर आजोबांची नोंद सापडली: 'मुलगा'. बस्, एवढंच. बारसं व्हायचं होतं ना!

त्याआधीचं सगळं मोडी लिपीत. बोरू न उचलता लिहिलेलं, दोन शब्दांत फट नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदभाव नाही. मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी चष्मा पुसला आणि वाचलं, "दगडू बिन धोंडू."

"धोंडूशिवाय? म्हणजे दोघे वेगळे निघाले होते का?"

"बिन म्हणजे मुलगा, अहो!" त्यांनी चष्मा काढूनच ठेवला.

आजीचं माहेर मराठवाड्यातलं. तिथले जुने कागद निजामाच्या राजवटीतले, उर्दूत, वर सन 1344. आजीचे वडील महंमद तुघलकाच्या प्रजेत होते, हे मी घरच्या ग्रुपवर अभिमानाने टाकलं. आतेभावाने लगेच कळवलं, तो फसली सन आहे, म्हणजे निजामाच्या महसुली कारभारातलं वर्ष, 590 मिळव. आले 1934 वर. सहाशे वर्षांची खानदानी एका बेरजेत गेली.

शेवटी नाशिक गाठलं. तीर्थपुरोहितांनी फक्त गाव आणि आडनाव विचारलं, लांबलचक वही काढली आणि चहा येईपर्यंत धोंडूचा बाप, आजा, दोन्ही काका समोर ठेवले. (बायका मात्र औषधालाही नाहीत. ही सगळी मंडळी बहुधा एकमेकांपासूनच जन्मली.)

"आता तुमची पिढी लिहा, स्वहस्ते."

मी भारावून लिहिलं. गुरुजींनी वही जवळ घेतली, लांब धरली, पुन्हा जवळ घेतली.

"मोडी छान आहे हो तुमची. कुठे शिकलात?"

देवनागरी होती.