मामा, ती पोरं सीआयएची नाहीत, आणि चहाचं कारण भलतंच आहे

परवा रात्री आईचा फोन आला तो थेट "आधी दाराला कडी लाव" इथूनच सुरू झाला. झालं असं की आमच्या फॅमिली ग्रुपवर मोठ्या मामाने एक फॉरवर्ड टाकलाय, वर तीन लाल भोंगे आणि "परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुलांपर्यंत पोचवा". त्यात म्हटलंय की पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी पाटी लावून सायकलवर जोडीने फिरणारी गोरी पोरं ही मुळात सीआयएची एजंट असतात, त्यांना डॉलरमध्ये पगार मिळतो, माणूस बाटवला की वर कमिशन, घरी फोन करायला बंदी, एकट्याने फिरत नाहीत कारण एकमेकांवर पाळत ठेवतात, प्रत्येकाला चार बायका, आणि ती तुमच्या घरचा चहा पीत नाहीत कारण विषप्रयोगाचं ट्रेनिंग दिलेलं असतं! हे सगळं इतर कुणाच्या घरी आलं असतं तर मी हसून सोडलं असतं. पण गेल्या महिन्यात मीच आईला फोटो पाठवला होता, इथे तैवानमध्ये शिंचूला माझ्या बिन लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर सेकंडहँड फ्रिज चढवायला ज्या दोघांनी मदत केली त्यांचा. काळ्या पाटीसकट. ते दोघं मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी, दोन वर्षांच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, आलेले. आता आई झोपत नाहीये.

तर चहापासूनच सुरू करतो, कारण आईला सगळ्यात जास्त खटकलंय ते तेच. आमच्याकडे पाहुण्याने चहा नको म्हटलं की एकतर त्याला ॲसिडिटी असते नाहीतर त्याच्या मनात काहीतरी असतं, तिसरी शक्यताच नाही. पण मॉर्मन लोक जगात कुठेच चहा पीत नाहीत, स्वतःच्या घरीसुद्धा. चहा, कॉफी, दारू, तंबाखू हे चारही बंद, हा नियम १८३३ पासूनच्या त्यांच्या शिकवणीतून आलाय, आणि २०१९ मध्ये चर्चने मुद्दाम खुलासा केला की ग्रीन टी आणि आइस टीही त्यातच धरायचे. विचार करा, ज्या देशात बबल टी जन्माला आला, जिथे दर पन्नास पावलांवर चहाचं दुकान आहे, तिथे ही एकोणीस-वीस वर्षांची पोरं दोन वर्षं काढतात आणि पितात काय, तर कोहळ्याचं गोड सरबत. त्याला इथे म्हणतात चहाच, पण त्यात चहाची पत्ती नसते. विषाची भीती असती तर माझ्या हातची जळकी खिचडी दोन वेळा मागून खाल्ली नसती.

चार बायका. यावर मी दोन ओळींपेक्षा जास्त लिहिणार नाही. बहुपत्नीत्व त्यांच्यात होतं, ते बंद करायचा जाहीरनामा १८९० मध्ये निघाला, आज कुणी केलंच तर त्याला चर्चमधून काढतात, आणि जे गट अजूनही करतात ते वेगळे झालेले आहेत. मिशनवर असलेल्या पोराला तर साधी डेटला जायचीही परवानगी नसते, बायका कुठल्या!

आता पगार. पगार शून्य आहे. उलट घरच्यांनी पैसे भरायचे असतात, अमेरिकन कुटुंब महिन्याला साधारण पाचशे डॉलर भरतं. पूर्वी ज्या देशात पाठवतील तिथला खर्च ज्याचा त्याने सोसायचा, म्हणजे जपान वाट्याला आलं की बाप कर्जात. १९९०-९१ च्या सुमाराला सगळ्यांना सारखी रक्कम केली, चर्च ती एकत्र करून पोरांना महिन्याचा खर्च देतं. खाली राहणारा उंच पोरगा त्यासाठी दोन उन्हाळे पिझ्झाच्या दुकानात भांडी घासत होता. कमिशन वगैरे काही नसतं. मात्र आकड्यांचं वेड अजिबात नव्हतं असंही मी म्हणणार नाही. १९६० च्या आसपास इंग्लंडमध्ये बेसबॉल शिकवतो म्हणून शाळकरी पोरं जमवायची आणि त्यांचे बाप्तिस्मे उरकायचे असा प्रकार चांगलाच चालला होता, त्याला "बेसबॉल बाप्तिस्मा" असंच नाव पडलंय. इथेही फुकट इंग्लिश क्लास घेतात तो काही निव्वळ समाजसेवा म्हणून नाही, क्लास संपल्यावर "थोडं देवाबद्दल बोलूया का" येतंच. मलाही पुस्तक दिलं, मी म्हटलं माझ्या शेल्फवर गणपती आहे आणि तो तिथेच राहणार, अजून दोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

आणि खरंच डोकं फिरवायचं असेल मामा, तर ही घ्या खरी बातमी: २०२३ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने या चर्चला आणि त्याच्या गुंतवणूक कंपनीला मिळून ५० लाख डॉलर दंड केला, कारण ३२ अब्ज डॉलरच्या आसपास पोचलेली शेअर्समधली गुंतवणूक त्यांनी कागदी कंपन्यांआड लपवली होती. एवढा पैसा असून पोरांच्या आईबापांकडून महिन्याचे हप्ते का घेता, हा प्रश्न रास्त आहे. पण तो फॉरवर्डमध्ये नाही. कारण त्यात भोंगा वाजत नाही.

फोनबंदीचा मुद्दा मात्र अर्धा द्यावा लागेल, जिवावर येतंय पण देतो. फेब्रुवारी २०१९ पर्यंत खरंच असं होतं की आठवड्याला एक ईमेल, आणि फोन वर्षातून दोनदा, एक ख्रिसमसला आणि एक मदर्स डेला. अठरा वर्षांचा पोरगा दोन वर्षांत आईचा आवाज चार वेळा ऐकणार, हे मला तरी निर्दय वाटतं. पण आता दर आठवड्याला बोलता येतं. सोमवारी त्यांचा मोकळा दिवस असतो, त्या दिवशी कपडे धुणं, बाजारहाट, केस कापणं आणि घरी व्हिडिओ कॉल. कॉलनीतल्या लाँड्रीत मी त्यांना त्याच वेळी भेटतो, ड्रायर फिरतोय आणि उंच पोरगा मोबाइल भिंतीला टेकवून आईला सांगतोय की मोजे संपलेत. हे दृश्य पाहून हेरगिरी आठवत असेल तर कठीण आहे.

ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो तो मुद्दा सीआयएचा. अंदाजाने बोलत नाहीये, मिशनऱ्यांची नियमावली चर्चने स्वतःच वेबसाइटवर टाकलीय, मी परवा रात्री आईचा फोन ठेवल्यावर बसून वाचली. साडेसहाच्या सुमाराला उठायचं, व्यायाम, मग स्वतःचा अभ्यास, जोडीदाराबरोबर अभ्यास, भाषा, सकाळी दहाच्या आसपास बाहेर, रात्री नऊ-साडेनऊला घरात, साडेदहाला दिवे बंद. पोहायला बंदी (शिंचूचा जुलै ज्याने काढलाय त्याला यातली शिक्षा कळेल). राजकारणावर बोलायचं नाही. जोडीदार कायम दिसेल आणि ऐकू येईल इतक्या अंतरावर हवा, आणि हा जोडीदार तुम्ही निवडत नाही, सहा आठवड्यांनी बदली होऊ शकते, कधी तो, कधी तुम्ही, कधी गावच. "पाळत" म्हणाल तर या नियमात ती थोडी आहेच, दोघांनी एकमेकांना नियमात ठेवावं हा हेतू असतो, मला असं राहावं लागलं तर मी तिसऱ्या दिवशी भांडेन. पण असा हेर कुणी पाहिलाय का, जो छातीवर नाव लावून फिरतो, तेही चिनी अक्षरात? आणि नावाबरोबर लिहिलेलं असतं एल्डर, चिनीत जांगलाओ, म्हणजे आपलं "वडीलधारे". दाढी धड न फुटलेल्या पोराला भाजीवाली आजी "वडीलधारे, कोथिंबीर घ्या" म्हणते. फॉरवर्डमध्ये असंही आहे की तैवानमधून चीनमध्ये घुसतात, तर चीनच्या मुख्य भूमीत हे चर्च मिशनरी पाठवतच नाही. आणि सगळे गोरे अमेरिकनही नसतात, आत्ताच्या जोडीतला एक फिलिपिनो आहे, तो बिचारा फोटोत फ्रिजच्या मागे झाकला गेलाय.

यातलं खरं एवढंच की परत आलेल्यांना परकी भाषा चांगली येते, दारू-ड्रग्जची भानगड नसते, म्हणून अमेरिकन गुप्तचर खाती अशांना नोकरीला घ्यायला उत्सुक असतात, हे उघडपणे छापून आलंय. पण पुढे नोकरी मिळणं आणि आत्ता एजंट असणं यात फरक आहे ना. आमच्या गावातली निम्मी पोरं पोलीस भरतीची तयारी करतात, म्हणून ती आत्ता धावताना खबरी असतात का?

आणि हे फालतू वाटत असलं तरी फालतू नाही. १९८० च्या दशकात लॅटिन अमेरिकेत हीच अफवा पसरलेली होती, मॉर्मन म्हणजे सीआयए. बोलिव्हियात ला पाझला झाराते विल्का नावाच्या सशस्त्र गटाने २४ मे १९८९ ला दोन अमेरिकन मिशनऱ्यांना ते राहत होते तिथेच गोळ्या घातल्या. विशीतली पोरं. दिवसभर दारं ठोठावून रात्री घरी परत येत होती. गटाचा राग अमेरिकेवर होता, आदल्या वर्षी याच गटाने अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या ताफ्यावर स्फोट केला होता, पण ताफ्याला संरक्षण असतं, सायकलवाल्या पोराला नसतं.

हे मी ग्रुपवर थोडक्यात टाकलं. मामाचं उत्तर आलं: "मला जसा आला तसा पाठवला", खाली हात जोडलेले. मेसेज अजून तिथेच आहे. आईने मात्र सगळं वाचलं, बोलिव्हियाचं वाचून गप्प झाली आणि मग विचारलं की चहा चालत नाही तर कोकम चालतं का. चालतं. पुढच्या महिन्यात लॅबमधला एक मित्र सांगलीहून येतोय, त्याच्या बॅगेत आगळाची बाटली येतेय.