झाड आपलं असलं तरी परवानगी लागतेच

"स्वतःच्या जागेतलं झाड तोडायला आता महापालिकेला विचारायची गरज नाही, एक रोप लावलं की झालं" असा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय, तो चुकीचा आहे. मी महाराष्ट्राचा १९७५ चा झाडांचा कायदा आणि २०२१ ची दुरुस्ती वाचली, त्यात शहरी भागात खाजगी जागेलाही वृक्ष प्राधिकरणाची (महापालिकेची झाडांबाबत निर्णय घेणारी समिती) परवानगी लागतेच, तोडायच्या आधी झाडाच्या बुंध्यावर नोटीस लावावी लागते म्हणजे आपल्याला हरकत घेता येते, आणि ५० वर्षांवरचं झाड तर वारसा वृक्ष धरतात. ६० वर्षांचा आंबा तोडला तर एक नाही, त्याच्या वयाइतकी म्हणजे ६० झाडं लावायची. उन्हाळ्यात त्याच आंब्याखाली उभं राहून बघा, मोठ्या झाडात आणि रोपात काय फरक आहे ते लगेच कळतं. प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करा.