पावडर शिल्लक आहे, तरी छापणार नाही म्हणे!

कार्ट्रिज काढून हलवली की आत पावडर सळसळतेय. परत बसवली की प्रिंटर म्हणतो, टोनर संपला, नवा घाला. अरे, आत डोकावून पाहिलं कोणी? कोणीच नाही. कार्ट्रिजच्या कडेला नखाएवढी चिप चिकटवलेली असते. किती पानं निघाली, किती ठिपके पडले याचा हिशेब धरून सगळा अंदाज बांधला जातो, आणि तो आकडा भरला की माझ्या पैशाचा, माझ्या टेबलावरचा प्रिंटर मला नाही म्हणतो!

इंदूरच्या जिल्हा कोर्टाच्या आसपास टायपिंग नि झेरॉक्सवर पोट असणाऱ्या कुणालाही विचारा. पानामागे सुटतात ते पैसे, रुपये नव्हे. त्यात ओरिजिनल टोनरची किंमत ऐकली की वाटतं, दोनचार टोनरच्या पैशात नवा प्रिंटरच येईल. आणि आणावा तर त्याच्या खोक्यातली कार्ट्रिज अर्धवट भरलेली! तिला 'स्टार्टर' असं गोंडस नाव आहे. घ्या, करा सुरुवात.

खोक्यावरच्या पानांच्या आकड्याचं तर विचारूच नका. तो येतो आयएसओ १९७५२ या मापातून, आणि त्याचं चाचणीचं पान म्हणजे जेमतेम पाच टक्के काळं. आमच्याकडे येतो लीगल साइज कागदावर गच्च टाइप केलेला हिंदी दावा, ओळीओळीला शिरोरेषा. वर आधार कार्डाची काळपट झेरॉक्स आणि मोबाइलवर फोटो काढून आणलेला खसरा, म्हणजे जमिनीचा उतारा, ज्याची पार्श्वभूमी राखाडी. हे पान पाच टक्क्यांत बसवून दाखवा बरं मला! एका खसऱ्यात चार अर्जांची पावडर जाते.

मग माणूस रिफिल करणारच ना? गेले सिल्व्हर मॉलला, इथल्या कॉम्प्युटरच्या बाजारात. तिथला मुलगा हुशार, बोटं सराईत. "दीदी, पावडर तो भर दी, पर चिप नई डालनी पड़ेगी, नहीं तो मशीन मानेगी नहीं।" म्हणजे पावडरीचे वेगळे, चिपचे वेगळे. घातली बाई चिप. मस्त चाललं. आणि एके दिवशी सकाळी, बाहेर वकिलाचा मुलगा टोकन घेऊन उभा, अर्ज अकराच्या आत लावायचा, तर पडद्यावर सूचना: कार्ट्रिज मान्य नाही. आदल्या संध्याकाळी ज्या कार्ट्रिजवर छापलं तीच! रात्री प्रिंटरने स्वतःहून इंटरनेटवरून अपडेट घेतलं होतं. मला विचारलं? तुम्ही भाड्याने दिलेल्या घराचं कुलूप भाडेकरूला न सांगता बदलाल का? आणि इथे तर मी भाडेकरूसुद्धा नाही, पूर्ण पैसे मोजलेली मालकीण आहे.

कंपनीच्या हेल्पलाइनवरचं उत्तर पाठ झालंय: "ही सुरक्षितता तुमच्या भल्यासाठी आहे." माझ्या भल्याची एवढी काळजी असेल तर टोनर स्वस्त करा की.

हो, रिफिलवाले काही सगळे संत नाहीत. कुठल्याही मॉडेलला एकाच पोत्यातली पावडर भरणारे आहेत. ती फ्यूजरच्या, म्हणजे पावडर कागदावर पक्की करणाऱ्या गरम भागाच्या, उष्णतेला नीट वितळत नाही आणि अक्षर बोटाने पुसलं जातं. काही जण वाया गेलेल्या पावडरीचा कप्पा रिकामाच करत नाहीत, मग पानभर काळी रेघ. ठरावीक अंतरावर तोच डाग परत परत उमटला तर ड्रम, म्हणजे पावडर कागदावर उमटवणारी कार्ट्रिजमधली नळी, गेला समजा. दोनतीन रिफिलनंतर तो बदलावाच लागतो. (आणि सांडलेली पावडर गरम पाण्याने धुऊ नका, ती कापडात बसते. आधी झटका, मग थंड पाणी.) पण खराब रिफिल मिळालं तर मी त्या दुकानदाराशी भांडेन, दुसऱ्याकडे जाईन. तो माझा प्रश्न आहे. कंपनीने मधे तंगडी का घालावी?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की कार्ट्रिज एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला. घेणाऱ्याने भरून वापरली तर त्या हक्काच्या जोरावर अडवता येणार नाही. छान. पण चिपला कुठे निकाल वाचता येतो? आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात मोबाइल आहेत, गाड्या आहेत, शेतीची अवजारं आहेत. आमच्या टेबलावरच्या या डब्याचीही कोणीतरी तिथे ठासून दखल घ्या.

तोवर मी माझ्या प्रिंटरचं वायफाय बंद केलंय, ऑटो अपडेटही बंद, आणि यूएसबीच्या वायरवर काम चाललंय. शिवाय जुना कॅनन एलबीपी २९०० शोधतेय. त्याच्या कार्ट्रिजला चिपच नाही, भरा आणि छापा. कुणाच्या माळ्यावर पडला असेल तर सांगा, महूपर्यंत येऊन घेऊन जाईन. ड्रम घासलेला असला तरी चालेल, रोलर झिजलेला असला तरी चालेल. फक्त 'स्मार्ट' काही असेल तर तुमच्याकडेच ठेवा.